खंडेनवमीची हातोडी

"खारं खाल्लं का लोखंडाले तहान लागते. पयले त्याले पाणी पाजा, मंग तेल लावा."

गुणवंता हे दिवसातून दहा वेळा म्हणायचा. समोर कोण उभं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. ट्रकचा मालक असो, कापसाचा दलाल असो, पांढुर्ण्याच्या पानठेल्यावर विडा बांधून घेत उभा असलेला एखादा मास्तर असो, गुणवंता आपलं वाक्य म्हणायचा आणि त्या माणसाच्या तोंडाकडे पाहत राहायचा. त्याला वाटायचं, आज तरी हा हो म्हणेल. तो माणूस म्हणायचा, मग त्याले भाकर पण देत जा बे, नुसत्या पाण्यावर कायले ठेवतो. ठेल्यावरचे सगळे हसायचे. गुणवंताही थोडा हसायचा. हसताना तो डावा हात पाठीमागे न्यायचा, कारण त्या हाताला दोनच बोटं होती.

आमचा मुलूख कोरडा. समुद्र इथून दोन दिवस आणि दोन रात्रींच्या वाटेवर. मी सांगतो आहे ती गोष्ट एकोणीसशे त्र्याऐंशी सालची. तेव्हा पांढुर्णा आणि सौंसर मिळून समुद्र पाहिलेली माणसं सहज मोजता आली असती. पण आम्ही समुद्र पाहिला नाही म्हणून त्यानं आम्हाला सोडलं नाही. तो ट्रकच्या पोटाखाली लटकून आमच्या गावापर्यंत यायचा.

संत्री मुंबईला जायची. परत येताना रिकामी गाडी कोण आणतो? मग तिकडच्या मिठागरांवरून मिठाची पोती भरायची. ताजं मीठ ओलं असतं. ते वाटभर पाझरतं, फळ्यांच्या फटींतून खाली उतरतं आणि चेसीच्या, गाडीच्या सांगाड्याच्या, पोकळीत, जिथं माणसाची नजर जात नाही अशा कोपऱ्यांत जाऊन बसतं. गावात गाडी येते, पोती उतरतात, वरून झाडू फिरतो. खालचं मीठ तसंच राहतं. ते हवेतला ओलावा ओढत राहतं आणि सावकाश, कुणालाही न सांगता, लोखंड खात राहतं.

आमच्याकडे लोखंड म्हणजे नांगराचा फाळ, वखराची पास, विळा, कुऱ्हाड. पावसाळा संपला की ते कोरडं पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि आढ्याला टांगून ठेवायचं. पाण्यापासून लोखंड जपावं, एवढं इथल्या प्रत्येक माणसाला चालायला लागण्याआधी कळतं. तेच आम्ही ट्रकला लावलं. मिठाची खेप टाकून गाडी आली की तिला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. खालून इंजिनातलं जळकं तेल फासायचं. गाडी काळी कुळकुळीत दिसायची, मालक खूश व्हायचा. त्या तेलाखाली मीठ कोंडलं जायचं आणि त्याला खायला निवांतपणा मिळायचा. हे आमच्या भागात एकट्या गुणवंताला कळलं होतं. ज्याला एकट्याला काही कळतं त्याचं आमच्याकडे काय होतं, ते आता सांगतो.

गुणवंता मूळचा बोरगावचा. बाप बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचा, त्यामुळे तापलेल्या लोखंडाचा वास त्याच्या ओळखीचा होता. विशीत तो देवीदासच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढला. देवीदास हा रघुनाथरावांचा ड्रायव्हर. रघुनाथरावांचे संत्र्याचे बगीचे तिगावला, राहतं घर पांढुर्ण्यात, आणि ट्रक एकच. त्याच्या कपाळावर त्यांनी बायकोचं नाव रंगवून घेतलं होतं, विजयमाला. मी त्यांच्या तिगावच्या बगीच्यात कलमं बांधायचो. बगीच्याच्या कडेला दोन खोल्या होत्या, एकीत मी आणि भिंतीपलीकडे देवीदास आणि त्याची बायको केसरबाई. म्हणून मला हे सगळं माहीत आहे. ऐकीव यात फार थोडं आहे.

अकरा वर्षं देवीदास आणि गुणवंता एका ताटात जेवले. एकाला झोप आली की दुसरा बोलत राहायचा. मिठागरावर एक म्हातारा होता. तो रोज दिवस कलला की आपली फावडी गोड्या पाण्यानं धुवायचा, आणि ते पाणी त्याची म्हातारी दोन कोसांवरून डोक्यावर आणायची. प्यायचं पाणी लोखंडावर काऊन ओततो, असं गुणवंतानं त्याला विचारलं. म्हाताऱ्यानं दोन फावडी आणून समोर टाकली. दोन्ही एकाच दिवशी घेतलेली. एक धुतलेलं, एक न धुतलेलं. न धुतलेल्यावर गुणवंतानं टाच ठेवली तर ते वाळल्या पानासारखं चुरलं. म्हातारा धुऊन वाळवल्यावर माशाचं तेल लावायचा. आमच्याकडे एवढे मासे कुठले? गुणवंतानं जवसाचं तेल धरलं, त्यात गेरू कालवला. वाळलं की तो लेप नखानं निघत नाही. हा शोध त्याचा स्वतःचा होता आणि त्याला त्याचा फार अभिमान होता.

त्याच मिठागरावर एका खेपेला ट्रकचा मागचा फाळका सुटून त्याच्या डाव्या हातावर पडला. आभाळ भरून आलं होतं. पाऊस लागला असता तर पोत्यांतलं मीठ वाहून गेलं असतं. देवीदासनं हाताला फडकं बांधलं, त्याला पोत्यांवर झोपवलं आणि गाडी कुठेही न थांबवता नागपूरपर्यंत आणली. दोन दिवस मिठावर राहिलेला तो हात. डॉक्टरनं तीन बोटं काढली. पुढच्या महिन्यात देवीदासनंच मालकाला सांगितलं की दोन बोटांचा क्लीनर कामाचा नाही. गुणवंता म्हणायचा, देवीदासचं बरोबर होतं, थांबला असता तर माल गेला असता. ऐकणाऱ्याला चीड यायची. त्याला कधी आली नाही.

मग तो जाम नदीच्या पात्रात, सावरगावच्या बाजूला, ट्रक धुवायला बसू लागला. पाठीवर निजून तो गाडीखाली सरकायचा. पोकळीत हात घालून पाणी मारायचा. एकदा, दोनदा, तीनदा. मग चेसीवरून गळणारा थेंब बोटावर घेऊन जिभेला लावायचा. खारट लागला की पुन्हा बादली. थेंब गोडा लागेपर्यंत तो बाहेर येत नसे. नंतर दोन दिवस ऊन, आणि त्यावर जवसाचा लेप. ट्रकखाली निजलेला तो माणूस पाहून लोकांनी त्याला दाई म्हणायला सुरुवात केली. नदीवरून जाताना ड्रायव्हर ओरडून विचारायचे, काय गा दाई, पोट्टा झाला का पोट्टी? उन्हाळ्यात नदी आटली की तो विहिरीवरून बादल्या वाहायचा, तेव्हा बाया तोंडाला येईल ते बोलायच्या. शेवटची बाई घागर भरून जाईपर्यंत तो बादली घेऊन उभा राहायचा आणि मग दोर सोडायचा.

पण या सगळ्याला तीन दिवस लागायचे. तीन दिवस गाडी उभी ठेवणारा मालक आमच्याकडे जन्मायचा होता. बाहेरगावच्या पाच-सहा गाड्या त्याच्याकडे यायच्या, त्यावर तो जगत होता.

त्या साली रघुनाथरावांनी छिंदवाड्यापर्यंत मीठ पुरवायचं काम घेतलं. हिवाळा आणि उन्हाळा मिळून महिन्याला तीन-तीन खेपा. दर खेपेला गाडी परत आली की गुणवंता वाड्याच्या फाटकाशी दोन बादल्या घेऊन हजर. दर वेळी रघुनाथराव त्याला परत पाठवायचे. पाण्यानं गंज येतो हे लेकरालाही समजतं, असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि हा दोन बोटांचा मला शिकवायला येतो. त्यांच्या बोलण्यात राग नसायचा. कुत्र्याला हाकलताना जेवढं लक्ष लागतं तेवढंच ते त्याच्याकडे द्यायचे. देवीदासही हसायचा. गाडी देवीदास चालवतो, एवढीच गुणवंताची काळजी होती. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर तो दोनदा येऊन तिसऱ्यांदा आला नसता.

पावसाळाभर गाडी वाड्यात उभी राहिली. दसऱ्याच्या आधी रंगारी आला. त्यानं वरून निळा, खालून काळा आणि पाट्यांना चांदीचा रंग मारला. फुगवटे आले होते तिथं लांबीची लुकण भरून त्यानं घोटून गुळगुळीत केलं. गाडी नवरीसारखी दिसू लागली. दसऱ्याच्या सकाळी मुहूर्तावर निघायचं, तिगावला आंबिया बहाराची पहिली संत्री भरायची आणि मुंबई, असं ठरलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे कुठलंही हत्यार चालत नाही. नांगर, कुऱ्हाडी, करवती, पाने, हातोड्या, सगळं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावत नाहीत. वर्षभर त्यांनी आपलं काम केलं, एक दिवस त्यांना निजू द्यावं. उचललं तर हत्यार उलटतं असं सगळे मानतात, मीही मानतो. आम्ही सगळे नोकर पूजेला वाड्यात जमलो होतो. गाडीला झेंडूच्या माळा चढवल्या होत्या. चारी बाजूंनी रांगोळी होती. विजयमालाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या.

गुणवंता फक्त चाकं धुवायला आला होता. नवमीला दरवर्षी तेवढं काम त्याच्याकडे असायचं. मागचं चाक धुता धुता तो खाली सरकला. चाकांवरचे कमानीचे पाटे चेसीला जिथं धरून असतात तिथं त्यानं उलट्या बोटानं टकटक केलं. लोखंड वाजतं तेव्हा त्याचा आवाज लांबवर जातो. हा आवाज जागच्या जागी बसला. त्यानं पुन्हा वाजवलं. मग तो बाहेर आला आणि देवीदासला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं की मागची बाजू आतून संपली आहे, वर नुसता रंग उभा आहे, भरलेली गाडी उतारावर ब्रेक मारशील तेव्हा पाटा सुटेल. देवीदास म्हणाला, पूजा होऊ दे. पूजा झाल्यावर म्हणाला, मालकाले सांग.

त्यानं मालकाला सांगितलं. रघुनाथराव म्हणाले, दाखव. गुणवंतानं एक हातोडी मागितली. रघुनाथराव म्हणाले, आज हत्याराला हात लागत नाही हे तुझ्या बापानं तुला शिकवलं नाही का? उद्या पाहू. उद्या गाडी पहाटेच निघणार होती. आज हात लावता येत नाही आणि उद्या गाडी राहत नाही, एवढीच जागा त्याला उरली होती, आणि त्या जागेत तो थोडा वेळ नुसता उभा राहिला.

मग तो पूजेच्या पाटाकडे गेला. हळदकुंकू लागलेली हातोडी त्यानं उचलली, गाडीखाली सरकला आणि एक घाव घातला.

एकच. हातोडी लोखंडात दांड्यापर्यंत गेली. तळहाताएवढं भोक पडलं. त्यातून लाल पापुद्रे आणि ओलं, करडं मीठ भसाभसा रांगोळीवर सांडलं. गुणवंता बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उजळलं होतं. त्यानं हातातला एक पापुद्रा सगळ्यांना दिसेल असा वर धरला. त्याला वाटलं, आता डोळ्यांनीच पाहिलं, आता बोलायचं काही उरलं नाही.

आम्ही खरंच डोळ्यांनी पाहिलं. पूजा झालेल्या गाडीवर नवमीच्या दिवशी हत्यार चाललं, हे आम्ही पाहिलं. मालकिणीच्या नावाच्या गाडीला भोक पडलं, हे पाहिलं. विजयमालाबाईंनी ताट खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या. मिठाकडे कुणीच पाहिलं नाही. माझ्या पायाशी त्याचा एक खडा येऊन पडला होता. मी पाय मागे घेतला.

रघुनाथराव देवीदासला म्हणाले, "तुझाच आहे ना हा? तूच काढ बाहेर."

देवीदासनं गुणवंताच्या थोबाडीत मारली. एक मारून तो थांबला, आणि मालकाकडे पाहून त्यानं आणखी दोन मारल्या. फाटकापर्यंत कॉलर धरून नेलं. गुणवंता वाटेत एवढंच म्हणत होता, देवीदासभाऊ, गाडी नको नेऊ. भोकात रंगाऱ्यानं डांबरात बुडवलेलं तरट कोंबलं आणि वरून काळा रंग मारला, कारण ब्रश हे हत्यार धरत नाहीत. गुरुजींनी शांतीसाठी दोन नारळ फोडले.

दिवस मावळायला गुणवंता चालत तिगावला आला. देवीदास गाडीजवळ राखणीला वाड्यातच थांबला होता. केसरबाई ओट्यावर चूल पेटवत होती. मी माझ्या दारात सुतळ्या वळत बसलो होतो. गुणवंतानं तिच्यासमोर तो पापुद्रा ठेवला.

"वयनी, हे त्याच्या गाडीचं हाड हाय. चिमटीत धरून पाहा."

केसरबाईनं धरलं. ते तिच्या बोटांत भुगा झालं. ती पुष्कळ वेळ बोटांकडे पाहत राहिली. गुणवंतानं तिला विनवलं की उद्याच्या दिवस त्याला ताप आला म्हण, पोटात दुखलं म्हण, काही पण कर. तिनं विचारलं, हे गेले नाही तर गाडी कोण नेईल? मालक दुसऱ्या ड्रायव्हरला, शालिकरामला, बसवतील, गुणवंता म्हणाला, मी त्यालाही सांगीन. तिनं विचारलं, अन शालिकराम बसला तर ही खोली कोणाची? तिनं तो भुगा चुलीच्या राखेत झटकला, हात धुतले आणि पीठ मळायला घेतलं.  

दसऱ्याच्या सकाळी गाडी तिगावला आली. संत्री भरेपर्यंत देवीदास घरी चहा प्यायला. केसरबाईनं त्याला चहा दिला, कपाळाला कुंकू लावलं, समोरच्या चाकांखाली लिंबं ठेवली. एकदा ती गाडीच्या मागे गेली, वाकली आणि परत आली. बोलली नाही. मीही माझ्या दारात होतो, मीही बोललो नाही.

तिगावहून पांढुर्ण्याकडे येताना एक नाला लागतो आणि त्याच्या अलीकडे लांब उतार आहे. गुणवंता पहाटेपासून त्या उताराच्या डोक्यावर येऊन बसला होता. सुटलं तर इथंच सुटेल, हे त्याला माहीत होतं. भरलेली गाडी परत येताना दिसल्यावर तो रस्त्यात उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. देवीदासनं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. गुणवंता शेवटच्या घडीला बाजूला झाला. गाडी उतरली, खाली ब्रेक लागला, आणि मागचा पाटा चेसीचा तुकडा घेऊन सुटला. मागची चाकं आडवी झाली. गाडी वळली, कलंडली आणि नाल्याच्या काठावर उलटी पडली.

आवाज बगीच्यापर्यंत आला. आम्ही धावलो. उतारभर संत्री होती. आसपासच्या शेतांतून माणसं आली होती, आणि जे खरं आहे ते सांगतो, लोकांनी आधी संत्री गोळा केली. बायांनी ओचे भरले. कुणी धोतराचा सोगा पसरला. केबिनच्या आतून देवीदास ओरडत होता आणि माणसं वाकून संत्री उचलत होती. मीही दोन उचलली. गाडीखाली एकटा गुणवंता होता. त्यानं कुठून तरी ओंडका ओढत आणला, उजव्या हातानं आणि उरलेल्या दोन बोटांनी तो केबिनखाली सारला, जॅक बसवला आणि उचलू लागला. मग आम्ही गेलो. देवीदास बाहेर निघाला तेव्हा त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली पाय राहिले नव्हते. गुणवंता त्याचं डोकं मांडीवर घ्यायला लागला तसा तो म्हणाला, "मले हात नको लावू."

नागपूरला त्याचे पाय कापले. इकडे वाड्यात तुटलेला भाग आणून ठेवला होता. रघुनाथरावांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवला. जिथं हातोडी पडली होती, नेमकी तिथूनच चेसी फाटली होती. यापुढे कुणाला काही विचारायचं राहिलं नाही. गुणवंता म्हणाला, तिथं फाटणार होती म्हणून तर मी तिथं मारली. लोक हसले. मग कुणी तरी विचारलं, उताराच्या डोक्यावर तू पहाटेपासून कायले बसला होता? याला गुणवंताजवळ खरं उत्तर होतं. ते त्यानं दिलं, आणि ते ऐकल्यावर उरलेसुरलेही त्याच्या विरुद्ध गेले. ज्याला आधीच ठाऊक होतं, त्यानंच केलं असणार. केसरबाई सगळ्यांत मोठ्यानं रडत होती. माझ्या घरधन्याच्या गाडीवर यानं नवमीची हातोडी घातली, असं ती येईल त्या बाईला सांगायची. सांगताना तिचं लक्ष माझ्या दाराकडे असायचं. मी सुतळी वळत राहायचो.

नदीवर त्याच्याकडे गाडी येईनाशी झाली. बाहेरगावचे ड्रायव्हरही त्याला पाहून पुढे जायचे. पानठेल्यावर तो आला की गप्पा थांबायच्या. कुणी त्याची थट्टाही करेना, आणि थट्टेवाचून तो पाहता पाहता म्हातारा दिसू लागला.

संक्रांतीनंतर देवीदासला खाटेवर घालून घरी आणलं. रघुनाथराव स्वतः तिगावला आले. सगळ्या गड्यांसमोर ते म्हणाले की माझ्या गाडीत खोट नव्हती, तरी मी माझा माणूस टाकणार नाही, जिता आहे तोवर ही खोली त्याची आणि धान्य वाड्यातून येईल. लोकांनी त्यांचं नाव घेतलं. गाडीला नवा तुकडा जोडून रंग मारून झाला होता. तिच्यावर शालिकराम बसला आणि ती पुन्हा मिठाच्या खेपांना लागली. आल्यावर खालून जळकं तेल.

गुणवंता देवीदासला भेटायला यायचा. केसरबाई दारात आडवी उभी राहायची. पाच वेळा तो असाच परत गेला. होळी झाल्यावर, एका दुपारी, ती विहिरीवर गेलेली असताना तो आला आणि सरळ आत गेला. भिंत मातीची, एका विटेची. मी पलीकडे जेवायला बसलो होतो.

गुणवंतानं स्वतःबद्दल काहीच काढलं नाही. तो एवढंच म्हणाला की देवीदासभाऊ, तू एक शब्द बोल. गाडी गंजानं गेली एवढंच बोल. तुझं ऐकतील. नाहीतर हे शालिकरामलेही असंच घेऊन येतील.

देवीदासचा आवाज आला. अगदी शांत.

"मले मालूम होतं. तू टकटक केली तेव्हा म्या पण आवाज आयकला. इतक्या साल गाडी चालवली, मले आवाज समजत नाही का?"

"मंग काऊन नेली?"

"नेली. आता आयक. गंजानं गेली म्हणीन, तर म्या जाणूनबुजून नेली. मंग हे पाय माह्याच हातानं गेले. मंग मालक मले कायले पोसतील? रात्री या खाटेवर मी कोणाले शिव्या देऊ? तुह्या हातोडीनं गेली तर मी निरपराध हाव. लोक येतात, हळहळतात, फळं ठेवून जातात. तुह्यापाशी जायले काही नाही, ना बायको, ना लेकरू. ते तुह्यावरच राहू दे."

गुणवंता म्हणाला, "अन शालिकराम?"

"त्याचं तो पाहीन."

एवढ्यात केसरबाई घागर घेऊन आली. ती आरडाओरडा करील म्हणून मी बाहेर आलो, पण ती उंबऱ्यावर थांबली. तिनं शेवटचं बोलणं ऐकलं होतं. गुणवंता खाटेजवळून उठला. देवीदासच्या अंगावरची चादर जिथं सपाट झाली होती तिथं माश्या बसत होत्या. त्यानं ती चादर नीट ओढली आणि तो दाराकडे आला. केसरबाईनं अंग चोरून त्याला वाट दिली. माझ्यासमोरून जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारेल, तू तर सगळं ऐकलं, तू सांगशील का? त्यानं विचारलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

बगीच्याच्या कुंपणापासून एक वाट रुळांकडे जाते. पांढुर्ण्याची वाट दुसऱ्या बाजूला. तो रुळांच्या बाजूनं निघाला. अंगावरच्या कपड्यांखेरीज त्याच्याजवळ काही नव्हतं. संत्र्याच्या झाडांना नवी पालवी होती आणि तो तिच्यामधून कमरेपर्यंत दिसत होता, सावकाश चालत, मागे न वळता. केसरबाई डोक्यावरची घागर न उतरवता ओट्याच्या कडेला उभी राहून पाहत होती. पाणी तिच्या खांद्यावर सांडत होतं.

देवीदासची खाट भिंतीकडे तोंड करून होती. आतून त्यानं विचारलं, "गेला का?"

"गेला," केसरबाई म्हणाली.

तो अजून गेला नव्हता. रुळांपाशी पोचायला त्याला आणखी बराच वेळ लागला, आणि ती तिथंच उभी होती.